हँडलवालं ज्यूस मशीन अन संत्र्याचा फसफसता पंच: दोन हंगाम वापरून

आमचा बगीचा वरुड तालुक्यात, साडेतीन एकर संत्रा अन धुऱ्यानं पंधरा-वीस मोसंबीची झाडं, त्यामुळे घरात संत्र्याची कमी कधीच नव्हती, कमी होती ती चांगल्या रसाची. बाहेरच्या माणसाला हे खोटं वाटते पण ज्याच्या ओसरीत कॅरेटवर कॅरेट रचलेले असतात तो रस काढत बसत नाही, सोलतो अन फोडी खातो, अन रस प्यायचा तं नागपूरला गेल्यावर गाडीवर पितो. ह्या मशीनबद्दल लिहायचं कारण की मागच्या दोन डिसेंबरात ह्याच्याच जोरावर आम्ही वावरातल्या पार्टीत स्पार्कलिंग, म्हणजे फुगेवाल्या, वाइनचा अन संत्र्याच्या रसाचा पंच केला, अन आता घरचे लोकं मले पार्टीच्या आठ दिवस आधीपासून विचारून राहिले की यंदा करशील ना.

मशीन म्हणजे काही नवीन गोष्ट नाही. ज्यूसवाल्याकडे असते तेच, खाली जड पाया, मधात जाळीचा उभा शंकू, वरून टोपीसारखी वाटी अन बाजूला लांब हँडल, अर्ध कापलेलं संत्रं ठेवायचं अन हँडल खाली ओढायचं. लाइट लागत नाही. नागपूरला इतवारीत भांड्यांच्या लाइनीतून घेतलं, १,८५० रुपये पडले, ब्रँड वगैरे काही नाही, दुकानदारानं तिथंच एक मोसंबी दाबून दाखवली. घरी आणलं तं बाबा म्हणे, "वखराच्या लोखंडाएवढं जड आणलं बाप्पा, हे ठेवतो कुठं?" पण तो जडपणाच कामाचा आहे, हलकं मशीन हँडल ओढलं की समोरून उचलते अन मग एक माणूस धरायला अन एक दाबायला लागतो.

ह्याच्या आधी मी दोन चुका केल्या त्या सांगतो म्हणजे कोणाचे पैसे वाचतील. पहिल्या वर्षी मिक्सरमध्ये रस काढला, फोडी टाकल्या, फिरवल्या, गाळल्या. रंग मस्त, वास मस्त, पण सायंकाळी काढलेला रस रात्री आठला ग्लासात आला तं सगळ्यांची तोंडं वाकडी, कडू झालता. मला वाटलं वाइन खराब निघाली. मग दुसऱ्या वेळेस ऑनलाइन एक इलेक्ट्रिक ज्यूसर मागवला, प्लास्टिकचा फिरणारा शंकूवाला, कंपनीचं नाव लिहित नाही. आमच्या गावात सायंकाळी व्होल्टेज पडते, तिकडे सगळ्यांच्या मोटारी सुरू होतात अन इकडे ज्यूसर नुसता हूं हूं करते, संत्रं दाबलं की थांबते. अन जेव्हा व्होल्टेज असते तेव्हा तो शंकू सालीच्या आतला पांढरा पापुद्रासुद्धा खरवडून काढते. वापस पाठवायला लावला तं कुरिअरवाला गावात येत नाही, वरुडला आणून द्या म्हणे. तो अजून माळ्यावर पडून आहे.

कडूपणाचं कारण मला नंतर कळलं, अन ते कळल्यावरच हे मशीन घेतलं. आपल्या नागपुरी संत्र्याच्या रसाची ही जुनी खोड आहे, ताजा काढला तेव्हा गोड अन काही तासांनी कडू. संत्र्यात जो पदार्थ असतो तो अख्ख्या फळात कडू नसतो, पण बी, पापुद्रा फाटून रसाच्या आंबटपणात आला की हळूहळू त्याचं लिमोनिन बनते, अन लिमोनिन कडू. बियात ते भरपूर. म्हणजे मिक्सरमध्ये आपण बी वाटून वाटून कडूपणाच टाकत होतो. नागपूरच्या लिंबूवर्गीय संस्थेनं बिनबियांची जात काढली ती खाणाऱ्यांच्या सोयीची तं आहेच, रसालाही बरी, पण आमची झाडं जुनी आहेत अन बी भरपूर आहे, म्हणून बी न फोडता रस काढणं हाच उपाय.

घरी तपासूनच पाहिलं. एकाच झाडाची बारा संत्री तोडली, चार मिक्सरमध्ये, चार त्या इलेक्ट्रिकवर, चार हँडल मशीनवर. तीन स्टीलचे ग्लास, खाली खडूनं खूण. आईला कोणता कोणता आहे ते सांगितलं नाही. काढल्याबरोबर तिन्ही गोड, ती म्हणे, "सारखेच तं आहेत, काय वेगळं पाहून राहिला तू?" तासाभरानं मिक्सरवाल्या ग्लासाला तिनं जीभ लावली अन नुसतीच मान हलवली. चार तासांनी तो ग्लास तिनं सरळ ढकलून देला, "हा नाही जमत रे, कडूनिंबाचा पाला उकडल्यासारखा लागते." इलेक्ट्रिकवाल्यात मागून कडवट सूर. अन हँडलवाला? थोडा उतरला होता, ताजेपणा गेलता, पण पिण्यासारखा होता, तिनं तोच संपवला. तेव्हापासून माझा हिशोब ठरला, मशीन हेच, अन रस पार्टीच्या आधी तासाभराच्या आतच काढायचा, सकाळी काढून फ्रिजमध्ये ठेवायचा नाही.

आता दाबायची पद्धत, इथं लोकं चुकतात. संत्रं देठाकडून उभं कापू नका, आडवं कापा, म्हणजे सगळ्या फोडींचं तोंड उघडते. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, मोसंबीसारखी घट्ट नाही, म्हणून हँडल पूर्ण जोरानं दाबलं तं साल चुरगळून सालीचं तेल रसात उतरते अन जिभेला चरचर लागते. तीन हिस्से दाबायचं, शेवटचा एक हिस्सा सोडून द्यायचा. रस थोडा वाया जाते, जाऊ द्या, आपल्या घरचाच संत्रा आहे. मोसंबीला मात्र पूर्ण वजन टाकायचं, ती तशी रसच सोडत नाही. हाताचा अंदाज यायला मला पंधरा-वीस संत्री लागली, आता बायको माझ्यापेक्षा चांगलं दाबते, वीस संत्री कापण्यासकट दहा मिनिटात.

घेताना एक गोष्ट हात लावून पाहा, शंकू अन वाटी स्टीलची आहे की ॲल्युमिनियमची. पाया, दांडा ॲल्युमिनियमचा चालते, पण रस जिथं लागते तिथं नको, लिंबूवर्गीय आंबटपणा ॲल्युमिनियमला खाते अन रसाला धातूची चव येते. माझ्या मशीनचा शंकू स्टीलचा आहे. दुकानात बाजूलाच सारखं दिसणारं पाचशे रुपयांनी स्वस्त होतं, चुंबकानं काही कळत नाही कारण चांगलं स्टीलही चुंबकाला चिकटत नाही, वजन अन रंगावरून ओळखलं, ॲल्युमिनियम पांढरट अन हलकं.

तक्रार आहे ती हँडलच्या पिनेची. पहिल्याच हंगामात, दोनेकशे संत्री झाल्यावर, पीन ढिली झाली, हँडल डावीकडे झुकायला लागलं अन वाटी शंकूवर वाकडी बसायची, एका बाजूनं रस अन दुसऱ्या बाजूनं साल. दुकानदाराला फोन केला तं म्हणे मशीन घेऊन या. पंधरा किलोचं धूड एसटीत टाकून नागपूरला कोण नेते. गावातल्या वेल्डिंगवाल्यानं जुन्या सायकलचा बोल्ट कापून बसवला, वीस रुपये घेतले, त्यानंतर एकदा पण हललं नाही. पायाच्या खालचे रबरही सहा महिन्यात गळले, आता गोणपाटाची घडी टाकतो खाली.

पंचाकडे येतो. पंच हा शब्द आपल्याच पाचवरून गेला असं मानतात, दारू, साखर, लिंबू, पाणी अन मसाला ह्या पाच गोष्टी, ईस्ट इंडिया कंपनीचे लोकं सतराव्या शतकात इथं पिऊन तिकडं घेऊन गेले. आमच्या पंचात फुगे पाहिजेत म्हणून स्पार्कलिंग वाइन. तालुक्याच्या वाइन शॉपमध्ये नावापुरतीच वाइन असते, एखादी गोड पोर्ट धूळ खात पडलेली, स्पार्कलिंग मागितली तं बियर दाखवतात. मेव्हण्याला नागपूरहून आणायला सांगावं लागते. पहिल्या वेळेस त्यानं लेबल न पाहता गोड वाली आणली, तीन बाटल्या, त्यात आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्यात तोडणीला येणारा, पिकलेला संत्रा, वरून साखरपाणी, एक ग्लास पिऊन दुसरा कोणी घेतला नाही. आता मी सुला ब्रूट सांगतो, नाशिकची आहे, अन ह्या कामाला मला पटली. ब्रूट म्हणजे लिटरमागे १२ ग्रॅमच्या आत साखर, कोरडी चव, त्यामुळे गोडी किती ठेवायची ते आपल्या हातात राहते. लेबलवर एक्स्ट्रा ड्राय वाचून ती जास्त कोरडी असेल असं वाटते पण ती ब्रूटपेक्षा गोड असते, मेव्हणा एकदा तिथंही फसला. सुला ब्रूटमधले फुगे वरून भरलेले नसतात, बाटलीत वाइन दुसऱ्यांदा आंबवतात अन तो वायू आतच अडकून राहते, म्हणून फुगे बारीक येतात अन रस टाकल्यावरही बराच वेळ उठत राहतात. सोडा अन साधी व्हाइट वाइन मिळवूनही करून पाहिलं, दहा मिनिटात सपाट.

फुगे टिकवणं हेच खरं काम आहे अन तिथंही हे मशीन कामात येते. रसात गर तरंगत असला की गराच्या कणाकणावर फुगा धरते अन भसकन वर येऊन गॅस उडून जाते. साखरेचे दाणे टाकले तं त्याहून वाईट, फेसच फेस. मशीनच्या रसात गर कमीच येते, तरी मी पातळ सुती फडक्यातून गाळतो, पिळत नाही, आपोआप गळू देतो. साखर आधीच पाण्यात विरघळवून पाक करून थंड ठेवायचा, १०० ग्रॅम साखर अन तेवढंच पाणी, पाकात दोन विलायच्या ठेचून टाकून नंतर गाळून घेतो.

बारा मोठ्या माणसांसाठी माझं माप असं आहे, वाइनच्या ७५० मिलीच्या तीन बाटल्या, संत्र्याचा एक लिटर रस म्हणजे वीसेक मध्यम संत्री, पाव लिटर मोसंबीचा रस, चार-पाच कागदी लिंबं अन वरचा पाक. एकूण पावणेचार लिटरच्या जवळ होते, माणसी दोन छोटे ग्लास. मोसंबी काहून? कारण एकट्या संत्र्याचा रस वाइनमध्ये बसला की चव बसकी लागते, मोसंबीनं तिला अंग येते अन लिंबानं धार. लिंबू हातानं पिळा, मशीनवर नको, सालीचं तेल फार निघते. रस, पाक सगळं गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, एक करून थंड करायचं, लोकं हातात ग्लास घेऊन बसले की मगच वाइन, गंजाच्या कडेनं हळूहळू, अन पळीनं खालून वर एकच फेरी. रवीनं घुसळायची नाही. गंज स्टीलचाच पाहिजे. बाबांनी आजीचा पितळी गुंड काढला होता, "यात करू, पाहुण्याले शोभते," मी आत बोट फिरवून पाहिलं तं कल्हई उडालेली, पिवळं दिसून राहिलं होतं. आंबट रस पितळेत ठेवायचा नसते, त्यांना पटलं, त्यांनीच गुंडात पाणी भरून झेंडूची फुलं टाकून मधात ठेवला.

बर्फाचंही सांगतो. वरुडहून आणलेली लादी पंचात टाकायची नाही, ती कोणत्या पाण्याची आहे कोणाला माहीत, ती घमेल्यात फोडून पाणी अन मूठभर खडं मीठ टाकून त्यात बाटल्या गाडायच्या, अर्ध्या तासात चटका बसेल एवढ्या गार होतात. पंचात टाकायला आदल्या रात्री उकळून गार केलेलं पाणी स्टीलच्या डब्यात भरून एक मोठा गोळा गोठवतो, छोटे क्यूब लवकर विरघळून पंच पाणचट करतात, मोठा गोळा दोन तास टिकते.

पहिल्या वर्षी बाटली नीट गार न करता उघडली होती. एसटीनं आलेली, दिवसभर उन्हात पडलेली, अन आतेभावानं तारेची जाळी काढून बूच अंगठ्यानं वर ढकललं. बूच गोठ्याच्या पत्र्याला लागलं, बैल दचकून दावं ओढायला लागला अन अर्धी बाटली तुरीच्या ताटांवर. असल्या बाटलीत पाच ते सहा वातावरणाएवढा दाब असते, कारच्या टायरच्या दुप्पट-अडीचपट, हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही, बूच डोळ्यात गेलं तं डोळा जाते. आता एकटा मीच उघडतो, गार बाटली, तार सैल केल्यापासून अंगठा बुचावरून काढायचा नाही, बाटली तिरपी धरून बूच पक्कं पकडायचं अन बाटली फिरवायची, बूच नाही. फुस्स एवढाच आवाज आला पाहिजे.

मागच्या डिसेंबरातली पार्टी अशी झाली, आंबियाचा माल तोडून गेलता, व्यापाऱ्याचा हिशोब झालता, घरात थोडी उसंत होती. वावरात गोवऱ्यांवर रोडगे, वांग्याची भाजी, वरण. तिखट भाजी अन तुपातला रोडगा खाऊन वर हा गार पंच, हे मला सगळ्यात जास्त जमलेलं वाटते, तिखटावर बियर कडू लागते, व्हिस्की अजून पेटवते, हा पंच तोंड धुऊन काढते. वहिनी पहिल्यांदाच घेत होत्या, जावेला हळूच म्हणाल्या, "लिमलेटच्या गोळीसारखं नाकात गेलं माय." आतेभावाची बायको पुण्यात हॉटेलात असलं प्याली आहे, तिनं विचारलं रस कोणत्या कंपनीचा, मी बोटानं झाड दाखवलं. बाबा घेत नाहीत, आईही नाही, त्यांच्यासाठी अन पोट्ट्यांसाठी वाइन पडायच्या आधीच गंजातला अर्धा लिटर रस वेगळा काढून त्यात गार सोडा, वर पुदिन्याचं पान. त्यांचा जग वेगळ्या रंगाचा ठेवतो अन वेगळ्या खाटेवर ठेवतो, अदलाबदल व्हायला नको.

अन हे गोड लागते म्हणून सरबतासारखं पिऊ नका. ब्रूट साधारण १२ टक्क्यांची, माझ्या मापानं पंच सात-आठ टक्क्यांचा होते, म्हणजे स्ट्राँग बियरच्या जवळपास, पण जिभेला कळत नाही. दोन ग्लासावर गंज उचलून ठेवतो. मोटरसायकलीच्या चाव्या माझ्याकडे असतात, रात्री सगळे तिथंच गोधड्यात झोपतात. गावात दारूनं किती घरं बसली ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे, माझ्या आईचा ह्या सगळ्याला दोन वर्षं विरोधच होता अन तिचं चूक नव्हतं, तिला मी शब्द दिला की वर्षातून एकदा, घरच्यांत, अन २१ च्या आतल्या कोणाच्या हातात ग्लास जाणार नाही. मामेभाऊ आष्टीकडचा, उरलेली एक बाटली सोबत मागत होता, नाही दिली, तो वर्धा जिल्हा, तिथं दारूबंदी आहे, नाक्यावर गाडी तपासली तं बिचारा विनाकारण अडकला असता.

मशीन धुवायला सोपं आहे पण त्याच रात्री धुवायचं. एकदा सकाळवर टाकलं तं गर वाळून जाळीच्या भोकात दगडासारखा बसला, सुईनं काढत बसलो, अन माशा अन मुंगळ्यांनी ओसरी भरली. कोमट पाणी अन दात घासायचा जुना ब्रश पुरते. पिनेला महिन्यातून एकदा खोबरेल तेलाचा थेंब, मशीनचं तेल नाही, ते टपकून रसात उतरू शकते. पिळलेल्या साली गाईला टाकतो, ती आवडीनं खाते, पण पहिल्या दिवशी टोपलंभर टाकल्या तं पोट फुगलं होतं तिचं, थोड्या थोड्याच द्या.

पाचपैकी चार देईन, एक त्या पिनेचा कापला. पार्टी करा न करा, ज्याच्या घरी बगीचा आहे त्यानं हे घ्यावं, आमच्याकडे आता रोज सायंकाळी आई स्वतः दोन संत्री दाबते, एक ग्लास बाबांना अन अर्धा तिला. फेब्रुवारीत मृगाचा, म्हणजे पावसाळ्यात फुललेल्या बहाराचा, माल येईल, तो आंबियापेक्षा जरा आंबट अन घट्ट लागते मला, त्यात पाक वाढवावा लागेल की लिंबं कमी करावी हे तेव्हा पाहून लिहितो. मेव्हण्याला एक बाटली आतापासूनच सांगून ठेवली आहे.